जिथे सगळेच खोकतात

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, नवरा कुठे असतो हे विचारलं नाही, मांसमच्छी करता का हेही विचारलं नाही. ओट्यावर एक खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडलेली होती. तिच्यावर मला बसवलं आणि स्वतः दारात उभं राहून माझ्याकडे टक लावून बघत राहिले. रस्त्यापलीकडे मिरचीची पथारी होती. नंदुरबारला थंडी सुरू झाली की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनी अशा लाल होतात. ओली मिरची पसरून ठेवतात, बायका दिवसभर ती खालीवर करतात, आणि वारा सुटला की आसपासच्या वस्तीची नाकं गळायला लागतात. मी बदली होऊन आलेली शिक्षिका, मूळची कोल्हापूरची. तिखटाची मला कोण ऐट! थोडा वेळ ऐटीत बसले, आणि मग असा ठसका लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"उना!" घरमालक टाळी वाजवून ओरडले. "खोकला उना! आते खोली तुमनी, मॅडम."

मला वाटलं, मिरचीच्या वाऱ्याने याचं डोकं फिरलेलं दिसतंय. पण भाडं रास्त होतं आणि शाळा जवळ होती, म्हणून राहिले. पुढे कळलं, की ही परीक्षा सगळ्यांनाच असते. माझ्याआधी मिरचीच्या एका व्यापाऱ्याचे मुनीम खोली बघायला आले होते. आयुष्य पथारीवर गेलेलं, ते ढिम्म बसून राहिले. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. "न खोकनारा मानूस आमले चालत नही," एवढंच कारण.

गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. वय पन्नाशीच्या जरासं पुढे. डोक्यावर केस नव्हते, त्याचं काही नाही, पण भुवयाही नव्हत्या आणि पापण्यांना केस नव्हते. भुवया नसल्या की माणसाच्या मनात काय चाललंय ते समोरच्याला कळत नाही, हे मला आप्पांमुळे समजलं. त्यांनी त्यावर तोड काढली होती. मनात जे येईल ते तोंडाने जाहीर करायचं. नळाला पाणी आलं नाही की ते शांतपणे म्हणायचे, "मॅडम, मले राग उना शे, बरं." शेजारच्या म्हशीला रेडकू झालं की, "मले आनंद व्हई ऱ्हायना शे, बरं." चेहरा दोन्ही वेळेला तोच, उकडलेल्या बटाट्यासारखा. नवी माणसं बिचकायची, जुनी म्हणायची, सोय आहे, अंदाज करावा लागत नाही.

धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, सभा, गणपती, जे असेल तिथे आप्पांचे कर्णे. माइकवर मात्र ते अहिराणीत बोलत नसत. माइक हातात आला की शुद्ध, पुस्तकी मराठी, तेही आवाज चढवून. त्यांच्या या कलेत एक अडचण होती. मध्येच त्यांच्या हाताची बोटं आखडायची, पक्ष्याच्या चोचीसारखी एकत्र यायची, आणि माइक त्यात अडकून बसायचा. बोटं उघडेपर्यंत काय करणार? बोलत राहायचं. एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू व्हायची होती, आणि आप्पांचा हात आखडला. "वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावे. पाण्याचे जार डाव्या हाताला आहेत. उजव्या हातालाही आहेत. चपला ज्याच्या त्याने घालाव्यात." नवरा-नवरी हार घेऊन ताटकळत उभे. लोकांना वाटायचं, आप्पांना बोलण्याची हौस भारी.

दुसरी ख्याती मिठाची. इतर पुरुष तळहातावर तंबाखू मळतात, आप्पा खडा मीठ मळायचे. शर्टाच्या खिशात त्याची डबी. चहात मीठ, केळ्याला मीठ, आणि बाकी काही नसलं तर नुसतं मीठ. उलट, मिरचीच्या गावात राहून त्यांना मिरचीचा कण चालत नसे. "तोंड येल शे," म्हणायचे, आणि ते तोंड म्हणे शाळेत असल्यापासून आलेलं होतं. पंगतीला जाताना वरणभाताचा डबा घरून न्यायचे. दरवर्षी उन्हाळ्यात कधीतरी एकदम गळून पडायचे. चार जण उचलून गल्लीतल्या डॉक्टरकडे न्यायचे, तो सलाईनची बाटली लावायचा, आणि ती निम्मी संपेतो आप्पा उठून बसून कंपाउंडरशी राजकारणावर वाद घालत असायचे. "सलाईन म्हंजे काय, मीठनं पानी. मले तेच लागस," असं स्वतःचं निदान त्यांनी केलेलं होतं. त्यात किती तथ्य होतं ते पुढे कळलं, पण तेव्हा मी हसले.

एका गोष्टीला मात्र मला हसू येत नसे. रोज पहाटे, कोंबडं आरवायच्या सुमारास, आप्पा अंगणातला कर्णा लावायचे. "हॅलो, माइक टेस्टिंग. हॅलो." मग भजनं, मग टेस्टिंग, मग परत भजनं. धंद्याचं सामान तपासावं लागतं, हे मला कळतं. पण रोज? कार्यक्रम असो नसो? माझ्या उशीच्या बरोबर खाली? मी खिडकीतून ओरडायचे, ते खालून हात जोडायचे, आणि आवाज आणखी वाढवायचे. मनातल्या मनात मी त्यांना दिलेल्या शिव्या कोल्हापूरच्या होत्या आणि अस्सल होत्या.

घरात तिसरं माणूस होतं, आप्पांची धाकटी बहीण. तिला सगळे ताई म्हणत. चाळिशीची असेल, अंगाने काटकुळी, चालताना भिंतीला हात लावून चालणारी. तीही मीठ खायची, पण लाजत, पदराआड. भावाबहिणीची भांडणं मिठावरूनच व्हायची. ताई फारशी बाहेर येत नसे. मी खाली गेले की चहा करायची, मला आणि आप्पांना कपबशीत द्यायची, आणि स्वतः कोनाड्यातला पितळी पेला काढून त्यात घ्यायची. प्यायली की लगेच तो धुवून परत कोनाड्यात. एकदा मी सहज तो उचलायला गेले तर तिने झटकन हिसकावून घेतला. मग तिलाच कसंतरी झालं असावं, कारण ती खाली बसली आणि थांबत थांबत बोलली.

"सासरले वरीसभर बी नही काढं, मॅडम. खोकला लागना. डॉक्टरनी सांगं, टीबी शे. बठ्ठा कोर्स कया, खोकला तसाच. परत कोर्स कया. तोपावत त्यास्नी मन्हा कप येगळा कया, ताट येगळं कयं. मंग मलेच येगळं कयं."

थुंकीच्या तपासणीत जंतू कधीच सापडले नव्हते. पण त्याने काय होतं? गावाला शब्द सापडला होता. आप्पा तिला घेऊन आले, स्वतः लग्न केलं नाही, आणि त्या घरात तो शब्द कोणी उच्चारायचा नाही असा नियम झाला. ताई खोकली की आप्पा म्हणायचे, "मिरची." आल्यागेल्यानेही मान डोलवायची. तिथे बसलेला प्रत्येकजण खोकतच असे, त्यामुळे मान डोलवायला अडचण नव्हती.

मग पावसाळा आला. पथारी उठली, रान हिरवं झालं, मिरचीचा मागमूस राहिला नाही. ताईचा खोकला मात्र राहिला. एकदा ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर निघाली आणि माझ्या दाराशीच जिन्यात बसली. ओठ निळसर झालेले, तोंडातून शब्द फुटेना. मी आप्पांना हाक मारली. ते धावत आले आणि सवयीने म्हणाले, "मिरची."

माझं डोकं सटकलं. "कुठे आहे मिरची?" मी ओरडले. "श्रावण चाललाय! टीबी असो नाहीतर आणखी काही, मोठ्या डॉक्टरला दाखवणार आहात की नाही?"

आप्पा तडक खाली उतरले. थोड्या वेळाने अंगणातला कर्णा खरखरला. "लक्ष द्या. वरच्या मजल्यावरील मॅडमनी महिनाअखेर खोली रिकामी करावी, ही नम्र विनंती." गल्ली दारात आली. मी खिडकीतून, बिनमाइकचं, उत्तर दिलं. त्यांनी कर्ण्यावरून प्रत्युत्तर दिलं, तेही 'माननीय मॅडम' असं म्हणून. लोक छत्र्या घेऊन उभे राहिले. हा सामना आणखी रंगला असता, पण एकाएकी कर्णा गप्प झाला. धाप ओसरताच ताईने खाली जाऊन मेन स्विच बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत पितळी पेला होता. "मॅडम, मले सुरतले लई चाला," ती म्हणाली.

आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे सुरत. सगळं नंदुरबार तिकडेच जातं. आम्ही स्टेशनवर पोचलो तर बाकड्यावर आप्पा बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. "तुम्ही कुठे?" मी विचारलं. "मन्हं सुरतमा काम शे. भोंगा लेना शे." दिवसभर त्यांनी भोंग्याचं नाव काढलं नाही.

छातीची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीसारखी दिसणारी तरुण मुलगी होती. तिचे निम्मे पेशंट आमच्या बाजूचे, त्यामुळे मराठी तिला चांगली येत होती. तिने ताईला तपासलं, जुने कागद चाळले, नवा स्कॅन काढायला लावला, तो दिव्यावर धरून बघत बसली. आप्पा कोपऱ्यात उभे होते. काळजी वाटली की ते तळहातावर जे मळून तोंडात टाकत, तेच करत होते. डॉक्टरने मान वर केली.

"काका, काय खाताय?"

"मीठ."

"का?"

"बरं लागस."

ती स्कॅन खाली ठेवून उठली. आप्पांच्या जवळ जाऊन तिने त्यांची खरबरीत नखं बघितली, जीभ काढायला लावली, भुवया कधी गेल्या ते विचारलं. शाळेत असताना. बोटं आखडतात का? आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुगली केली होती. आईवडील नात्यातले का? हो, मामेआतेभावंडं. मग तिने ताईला तेच सगळं विचारलं, आणि ताईने पदराआडची मूठ उघडून दाखवली. त्यात मीठ होतं.

पुढे बऱ्याच खेपा झाल्या. रक्त कुठे कुठे पाठवलं, रिपोर्ट यायला वेळ लागला. शेवटी डॉक्टरने आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. हा आजार दुर्मीळ आहे, जन्माचा आहे, आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आलेला. शरीरात राखणदार असतात. लहानपणी त्यांना घरची माणसं ओळखायला शिकवलं जातं. या दोघांच्या बाबतीत ती शाळाच धड भरली नाही, म्हणून राखणदार घरच्यांनाच चोर समजून बडवत सुटले. भुवया झोडपल्या, नखं झोडपली. अंगातलं मीठ धरून ठेवायची ग्रंथी झोडपली, म्हणून मिठाची हाव आणि उन्हाळ्यातलं ते गळून पडणं. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, प्रमाण सांभाळणारी ग्रंथी झोडपली, म्हणून बोटं आखडतात. आणि ताईच्या बाबतीत ते फुप्फुसात शिरले. भल्याभल्यांना तो टीबी वाटतो, कोणाला दमा वाटतो. "टीबी नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता. हा कुणाला लागत नाही. एका कपातून चहा प्यायला तरी लागत नाही."

ताईने पिशवीवरचा हात काढला नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. तो मी विसरणार नाही.

आप्पा मात्र दुसऱ्याच विचारात होते. "म्हंजे मी मीठ खास, ते आजार शे?"

"हो."

"मिरची चालत नही, ते?"

"तेही."

"माइक सुटत नही, ते?"

"तेही, काका."

आप्पा खचले. पन्नास वर्षं जमवलेली ख्याती ती मुलगी एकेक करून खिशात घालत होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आनि या मॅडमशी भांडस, ते?"

डॉक्टर हसली. "नाही. ते तुमचं स्वतःचं."

"देखा!" आप्पा मला म्हणाले. "मले आनंद व्हई ऱ्हायना शे, बरं."

औषधं लिहून झाली. काही रोज घ्यायची, जन्मभर. ताईला जास्तीची, त्या राखणदारांना आवरणारी. गेलेलं फुप्फुस परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल, असं डॉक्टर म्हणाली. आणि मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "घर कुठे आहे तुमचं? आसपास धूळ, धूर काही?"

मी आप्पांकडे बघितलं. ते खिशातली डबी चाचपायला लागले. शेवटी मीच पथारीचं सांगितलं.

"आधी ते घर सोडा," डॉक्टर म्हणाली. "असल्या फुप्फुसाला मिरचीची धूळ म्हणजे जखमेवर रोज मीठ. तिथे राहिलात तर माझी औषधं काही करू शकणार नाहीत."

आप्पांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि या वेळी त्यांनी तोंडाने काही जाहीर केलं नाही.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी डोळे मिटून बसली. आप्पांनी मिठाची डबी काढली, परत ठेवली. नवापूर आलं, गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी सुटल्यावर ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"मॅडम, ते घर मी मुद्दाम तठे बांधं. जठे बठ्ठाच खोकतस, तठे मन्ही बहीनना खोकला कोन मोजी? सकायले तिले जास्ती खोकला येस, म्हनीसन माइक. शेजारले ऐकू नको जावाले." मग खिडकीशी बसलेल्या ताईकडे बघून, "आनि तीच मिरची तिना छातीमा गयी."

ती ओट्यावरची खुर्ची, परत पाठवलेले मुनीम, पहाटेचं टेस्टिंग, आणि त्या टेस्टिंगला मी वाहिलेली लाखोली, सगळं एकदम आठवलं. या माणसाचा मला फार लोभ वाटला. त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण गाडीत नंदुरबारची माणसं होती, मग पाण्याची बाटली पुढे केली.

"मले बठ्ठं माहीत शे, दादा," डोळे न उघडता ताई म्हणाली. आम्हाला वाटत होतं, ती झोपली आहे. "तू माइक लावस ना, तवय मी मोकळी खोकी लेस."

घर विकलं गेलं. मुनीमांनीच घेतलं, त्यांना तिथे काहीच त्रास नव्हता. आप्पा बहिणीला घेऊन खांडबाऱ्याला गेले. आईकडची थोडी जागा होती तिथे, गावाच्या कडेला, मागे भाताची शेतं. मी नव्या खोलीत गेले. पहिले काही दिवस पहाटे जाग यायची आणि शांततेने झोप लागायची नाही, हे मी आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मी गेले. आप्पांचे कर्णे देवळाला आणि चर्चला सारखेच चालत होते, कालच चर्चचा कार्यक्रम करून आले होते. औषधांमुळे बोटं वेळेवर उघडायला लागली होती, त्यामुळे निवेदनं आखूड झाली होती आणि जुनी गिऱ्हाइकं नाराज होती. "मीठ बी आते पहिलासारखं गोड लागत नही," त्यांनी तक्रार केली. भुवया काही आल्या नव्हत्या. ओट्यावर तीच खुर्ची होती, पण समोर नुसतं शेत. मी बसले, वाट बघितली, मला काही खोकला आला नाही. "आते तुमले कशी परीक्षा लेवो?" ते म्हणाले.

ताई सावकाश का होईना, भिंत न धरता चालत होती. ती आत चहा टाकत होती तेवढ्यात शेजारीण आली, तिकडच्या कोकणी आदिवासी समाजातली शेतकरी बाई, पदरात तुरीच्या शेंगा घेऊन. चार दिवसांपूर्वी ओळख झालेली. ती बसली, आणि आतून ताई खोकली.

खोकला पूर्वीपेक्षा कमी होता, पण त्या शांततेत तो शेताच्या बांधापर्यंत गेला असेल. मिरची नव्हती, माइक नव्हता. आप्पांचा हात आपोआप मागच्या भिंतीकडे गेला, जुन्या घरात जिथे स्विच होता तिथे. तिथे नुसती भिंत होती.

"बहिणीला खोकला हाय का?" शेजारणीने विचारलं.

आप्पा उभे राहिले. मला वाटलं, आता 'मिरची' म्हणतील आणि आपलं हसं होईल. त्यांनी घसा साफ केला, आणि माइक नसताना, अहिराणीत, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवाजात बोलले.

"हा, खोकला शे. आमना घरना शे. मायबापनी दिधेल शे. टीबी नही, कधीच नव्हता. कोनले लागत नही. बसा, चहा ल्या."

"अरे देवा," शेजारीण म्हणाली, "मी विचारलं केवढं, तुम्ही सांगता केवढं! मध आणून देऊ का, एवढंच म्हणणार होते."

ताई चहा घेऊन आली. आम्हा तिघांना कपबशा. स्वतःसाठी ती पेल्याकडे वळणार, तोच शेजारणीने तिला हाताला धरून खाली बसवलं. "एवढा चहा मला कुठे? अर्धा तुम्ही घ्या." तिने बशीत ओतून बशी ताईच्या हातात दिली. ताईने आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फुंकर घालत, हळूहळू, बशीतला चहा संपवला. शेजारणीने बशी परत घेतली, कपातला उरलेला चहा त्याच बशीत ओतला, आणि शेंगांना यंदा किती कीड लागली ते सांगत सांगत पिऊन टाकला.

आप्पा माझ्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बाकी चेहरा नेहमीसारखाच.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मले आनंद व्हई ऱ्हायना शे, बरं."